चिपसेटच्या नावाआधी लेनचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. गेमिंग आणि व्हिडिओ संपादन अशा दुहेरी कामासाठी संगणक जुळवताना एएमडी कंपनीचे एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) आणि मध्यम किमतीचा, बी६५० चिपसेटचा (प्रोसेसरला इतर उपकरणांशी जोडणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड घ्यावा, असे मी लेखात सुचवले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. सॉकेट दीर्घकाळ टिकण्याचा मुद्दा ही निव्वळ जाहिरातबाजी आहे, कारण त्याच बोर्डावर पुढे प्रोसेसर बदलणारी माणसे विरळाच. कामाच्या यंत्राला बी६५० सुचवणे ही नको तिथे केलेली काटकसर असून तिथे महागडा एक्स८७०ई चिपसेटच हवा. आणि इंटेलला मी विचारातच घेतले नाही. शेवटी आपण ९६ जीबी रॅमविषयी एक प्रश्नही विचारला आहे. सुरुवात दुसऱ्या आक्षेपापासून करतो, कारण आपल्या मतभेदाचे मूळ तिथे आहे.

एएम५वरील एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून पीसीआय एक्सप्रेसच्या २८ लेन, म्हणजे माहितीच्या मार्गिका, निघतात. त्यांतल्या ४ चिपसेटला जोडण्यात खर्ची पडतात. उरलेल्या २४ पैकी १६ ग्राफिक्स कार्डाकडे जातात आणि ८ एसएसडी किंवा तत्सम उपकरणांसाठी राहतात. हा हिशेब प्रोसेसरमध्येच ठरलेला असल्यामुळे बोर्ड कितीही महाग घेतला तरी त्यात एकाही लेनची भर पडत नाही. बी६५०मध्ये चिपसेटची एक चिप असते, तर एक्स६७०ई आणि एक्स८७०ईमध्ये तशाच दोन चिप एकीमागे एक जोडलेल्या असतात. त्यामुळे यूएसबी, साटा (हार्ड डिस्कची जोडणी) आणि एम.२ (एसएसडीचा स्लॉट) यांच्या जागा वाढतात हे खरे. पण दुसरी चिप प्रोसेसरशी पहिलीच्या मार्फतच बोलते आणि दोघींना मिळून वाट तीच, चौथ्या पिढीच्या चार लेनची, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबीची. वाड्याला खोल्या वाढवल्या तरी दिंडी दरवाजा एकच, असा हा प्रकार आहे. सेकंदाला ७ जीबी वेगाने वाचणारी एकच एसएसडी चिपसेटमागे लावली, तरी ती वाट जवळजवळ भरून जाते.

‘ई’ नसलेल्या एक्स८७०ची गोष्ट तर याहून मजेशीर आहे. नावात मोठा आकडा असला तरी त्यात चिप एकच असते. त्यात यूएसबी४ सक्तीचे केले आहे, त्याच्या नियंत्रकाला प्रोसेसरच्या चार लेन द्याव्या लागतात, आणि त्या भरून काढण्यासाठी कित्येक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटशी वाटणी केलेली असते. काही महागड्या बोर्डांवर ठरावीक स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की ग्राफिक्स कार्डाच्या लेन १६ वरून ८ वर येतात. हे खोक्यावर लिहिलेले नसते. मॅन्युअलमधील ब्लॉक डायग्राम, म्हणजे कोणती लेन कुठे जाते त्याचा नकाशा, उघडला की दिसते. बोर्ड निवडताना मी त्या एका पानाला चिपसेटच्या नावापेक्षा अधिक वजन देतो.

आपण वर्णन केलेल्या कामाला, म्हणजे एक एसएसडी प्रणालीसाठी, दुसरी चालू प्रकल्पाच्या फुटेजसाठी आणि तिसरी संग्रहासाठी, दोन एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला बी६५० पुरेसा आहे. संग्रहाची एसएसडी खुशाल चिपसेटमागे राहू द्यावी. महागड्या बोर्डांवरच्या वीस फेजच्या, म्हणजे प्रोसेसरला वीज देणाऱ्या वीस टप्प्यांच्या, वीजपुरवठ्याचीही आपल्याला गरज नाही. रायझन ७ ९८००एक्स३डीची वीजमर्यादा १६२ वॅट आहे, आणि खेळताना तो बहुतेक वेळा तिच्या बराच खाली राहतो. २३० वॅटपर्यंत जाणारा रायझन ९ ९९५०एक्स तासन्‌तास रेंडरिंगला जुंपायचा असेल, तर मात्र भक्कम वीजपुरवठा आणि त्यावरील धातूचे हीटसिंक नीट पाहून घ्यावेत. कॅप्चर कार्ड, १० गिगाबिट नेटवर्क आणि चार-पाच एसएसडी ही सगळी उपकरणे एकाच वेळी पूर्ण वेगाने चालवायची असतील, तर एक्स८७०ईसुद्धा अपुराच पडेल. त्या माणसाने टीआरएक्स५० बोर्ड आणि एएमडीचा वर्कस्टेशनसाठीचा थ्रेडरिपर ७००० प्रोसेसर घ्यावा, जिथे पाचव्या पिढीच्या ४८ लेन आणि रॅमच्या चार वाहिन्या मिळतात. त्यासाठी रजिस्टर्ड (सर्व्हरमध्ये वापरतात तशा) रॅमचा खर्चही सोसावा लागतो, हे सांगायला हवे.

आता सॉकेटच्या आयुष्याविषयी. कंपनीच्या आश्वासनावर विसंबू नये, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. एएमडीनेच २०१९मध्ये थ्रेडरिपरसाठी आणलेल्या टीआरएक्स४० बोर्डांना एकाच पिढीचे प्रोसेसर मिळाले. २०२०मध्ये ४०० मालिकेच्या बोर्डांना प्रोसेसरची पुढची पिढी देणार नाही असे जाहीर करून, ग्राहकांनी ओरड केल्यावर तिने माघार घेतली. तरीही २०१७मध्ये एएम५च्या आधीच्या एएम४ सॉकेटच्या बी३५० बोर्डावर सहा कोअरचा रायझन ५ १६०० बसवणाऱ्याला, बोर्डाचे बायोस (त्यातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत मिळाले असेल तर, २०२२मध्ये त्याच जागी ५८००एक्स३डी बसवता आला, ही वस्तुस्थिती जाहिरातीने घडवलेली नाही. अर्थात बोर्डाच्या लेन तिसऱ्या पिढीच्याच राहतात, आणि आठच लेन वापरणाऱ्या आजच्या मध्यम ग्राफिक्स कार्डांना ते जाचते.

माझ्या लेखी चालू सॉकेटचा मोठा फायदा प्रोसेसर बदलण्यात नाहीच. वॉरंटी संपल्यावर बोर्ड जळाला, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात त्या सॉकेटचा नवा बोर्ड मिळतो की नाही, हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. उत्पादन थांबलेल्या सॉकेटसाठी जुना, कुणाच्या तरी यंत्रातून काढलेला बोर्ड शोधावा लागतो, नाहीतर धडधाकट प्रोसेसर आणि कधीकधी रॅमही अडगळीत टाकावी लागते. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या रीतीने भडकले, ते पाहता हा मुद्दा किरकोळ राहिलेला नाही.

इंटेलबाबत आपल्याशी माझे फारसे भांडण नाही. माझा सल्ला खेळ आणि संपादन यांना समान महत्त्व देणाऱ्यासाठी होता. ९८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच अतिवेगवान मेमरी) आहे आणि खेळांत त्याला मिळणारी आघाडी प्रामुख्याने तिच्यामुळे आहे. ज्याचे पोट संपादनावर चालते आणि खेळ केवळ रविवारपुरता आहे, त्याने २० कोअरचा कोअर अल्ट्रा ७ २६५के जरूर घ्यावा. झेड८९० बोर्डावर चिपसेटची वाट आठ लेनची, म्हणजे एएम५च्या दुप्पट असते, आणि मिररलेस कॅमेऱ्यांचे १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (जास्त रंगमाहिती साठवणाऱ्या स्वरूपातले) फुटेज इंटेलच्या प्रोसेसरमधील क्विक सिंक ही व्हिडिओ यंत्रणा हार्डवेअरमध्येच उलगडते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेनेही ही सोय दिल्यापासून क्विक सिंकचे अप्रूप थोडे कमी झाले आहे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतील अस्थिरतेचा (प्रोसेसर कालांतराने बिघडून यंत्र बंद पडण्याचा) २६५केशी संबंध नाही. मात्र त्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर कोणी स्वस्तात देत असेल, तर २०२४च्या मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्यांपूर्वी तो किती काळ राबला हे कळण्याचा मार्ग नसतो. मी तो घेणार नाही.

राहिला आपला प्रश्न : २४ जीबीच्या चार पट्ट्या की ४८ जीबीच्या दोन? निःसंशय दोन. रायझन ९००० मालिकेत एएमडीची अधिकृत हमी दोन पट्ट्यांना ५६०० आणि चार पट्ट्यांना अवघी ३६०० इतक्या वेगाची आहे. चारही पट्ट्या एक्स्पो प्रोफाइलवर (हमीपेक्षा जास्त वेगाच्या तयार सेटिंगवर) ६०००ला चालतील, असे दुकानदार म्हणाला तरी त्याची हमी तो लिहून देणार नाही. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचे (प्रोसेसरशिवाय बायोस अद्ययावत करण्याचे) बटण आहे याचीही खात्री करून घ्यावी, कारण दुकानात बराच काळ पडून राहिलेल्या बी६५०वर ९००० मालिकेचा प्रोसेसर जुन्या बायोसमुळे सुरू न होण्याची शक्यता असते. आणि एवढ्या रॅमसह यंत्र पहिल्यांदा सुरू कराल, तेव्हा मेमरी ट्रेनिंग (रॅमची आपोआप होणारी जुळवणी) चालू असताना पडदा काही मिनिटे काळाच राहील. त्या वेळात घाबरून वीज बंद करू नये.