कांगारू अडवला आणि मग

काल रात्री पाऊण तास ओटीटीच्या ॲपवर नुसती पोस्टरं सरकवत बसलो आणि काहीच न बघता झोपलो. तुमचंही होत असेल. पण पडल्या पडल्या मला आठवला तो कांगारू.

ब्रिटनच्या बीबीसीने, म्हणजे घरोघरच्या शुल्कावर चालणाऱ्या सार्वजनिक वाहिनीने, इंटरनेटवर कार्यक्रम दाखवणारा आयप्लेअर आणला २००७ च्या नाताळात. नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंगही त्याच वर्षी अमेरिकेत सुरू झालं. तोवर ती टपालाने डीव्हीडी पाठवणारी कंपनी होती. त्याच सुमारास बीबीसीची व्यावसायिक शाखा आणि आयटीव्ही, चॅनल फोर या दोन वाहिन्या यांनी मिळून एकच ऑनलाइन सेवा काढायचं ठरवलं. तिचं नाव 'प्रोजेक्ट कांगारू'. फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने ती अडवली. कारण काय, तर हे तिघे एकत्र आले तर बाजारात स्पर्धाच उरणार नाही! जानेवारी २०१२ मध्ये नेटफ्लिक्स ब्रिटनमध्ये उतरलं, तेव्हा मैदान मोकळंच होतं. बीबीसी आणि आयटीव्हीला ब्रिटनमध्ये ब्रिटबॉक्स ही एकत्र स्ट्रीमिंग सेवा काढता आली ती थेट २०१९ मध्ये.

म्हणून 'सार्वजनिक वाहिन्या झोपा काढत होत्या, आता भोगा' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. काही झोपल्या होत्याच, नाही म्हणत नाही. पण जी जागी होती तिचे पाय कुणी बांधले, तेही सांगा ना.

दुसरा नेहमीचा सवाल : सार्वजनिक वाहिनी मी बघतच नाही, तर तिच्या शुल्काचे पैसे का भरू? स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली यावर चक्क सार्वमत झालं. तेव्हा वर्षाला साडेचारशे फ्रँकच्या आसपास शुल्क होतं, म्हणजे काही स्वस्त नव्हतं. तरीही ७१.६ टक्के लोकांनी ते रद्द करायला नकार दिला. त्या देशाच्या चार भाषा आहेत आणि त्यातली रोमान्श बोलणारे जेमतेम चाळीस-साठ हजार लोक. त्यांच्यासाठी रोज बातम्या तयार करणं कुठल्या वर्गणीच्या हिशोबात बसेल? जर्मन बोलणाऱ्याने न बघितलेल्या कार्यक्रमाचे पैसे भरले, म्हणून तर तो कार्यक्रम आहे. रस्त्यावरच्या दिव्याचे पैसे आपण 'मी त्या गल्लीतून जात नाही' म्हणून कापून घेत नाही.

आणि १ जानेवारी २०२४. जपानच्या नोतो भागात भूकंप झाला, त्सुनामीचा इशारा आला आणि एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीच्या निवेदिकेने नेहमीचा शांत सूर सोडून अक्षरशः ओरडून लोकांना पळायला सांगितलं. २०११ च्या त्सुनामीच्या अनुभवानंतर त्यांनी मुद्दाम ठरवलेली पद्धत आहे ही. मालिकांच्या ॲपवर ही जबाबदारी कुणाचीच नसते.

आता माझ्याच बाजूचं दुखणं. पैसा किंवा ताबा सरकारच्या हातात गेला की काय होतं ते ग्रीसमध्ये दिसलं. ११ जून २०१३ च्या रात्री ईआरटी या तिथल्या सार्वजनिक वाहिनीचे पडदे काळे पडले. त्याच दिवशी घोषणा, रात्री बंद. परत सुरू व्हायला दोन वर्षं लागली. अमेरिकेत २०२५ मध्ये संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या निधी देणाऱ्या संस्थेने गाशा गुंडाळायला घेतला. म्हणून फ्रान्सने २०२२ मध्ये शुल्क बंद करून करातला वाटा देऊ केला, ते मला पटलेलं नाही. ब्रिटनचं शुल्क श्रीमंताला आणि गरिबाला सारखंच, तेही अन्यायाचंच. त्यापेक्षा फिनलंडचा २०१३ पासूनचा वेगळा कर बरा वाटतो : उत्पन्नाप्रमाणे, वर मर्यादा, आणि अगदी कमी कमावणाऱ्याला माफ.

पण पैसे मिळाले तरी खरी मारामारी दाराशी आहे. पूर्वी टीव्ही लावला की पहिल्या क्रमांकावर सार्वजनिक वाहिनी असायची. आता टीव्ही लावला की आधी दिसतो तो टीव्ही बनवणाऱ्या कंपनीचा पडदा, आणि त्यावरच्या जागा विकल्या जातात. नुसतं ॲप काढून भागत नाही. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' आणलं, पण ते सापडायला आधी शोधावं लागतं. ब्रिटनच्या २०२४ च्या माध्यम कायद्याने स्मार्ट टीव्हीवर सार्वजनिक सेवांची ॲप ठळक दिसलीच पाहिजेत असं बंधन घातलं. कांगारू अडवल्यानंतर तब्बल पंधरा वर्षांनी.

पुढच्याच वर्षी तिथली नियामक संस्था ऑफकॉम म्हणाली, आता यूट्यूबवरही यांना ठळक जागा हवी. रिमोटवरच्या थेट ॲप उघडणाऱ्या बटणांबद्दल अजून कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही. माझ्या रिमोटवर अशी चार बटणं आहेत, चारही खासगी कंपन्यांची.