‘खोटं दार लावून फसवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत की तुमच्या नॅनोला इसेटाचं, म्हणजे पुढून दार उघडणाऱ्या जुन्या छोट्या गाडीचं, रूप देताना आम्ही ‘पुढे खोटं दार लावून फसवलं’, गाडी उशिरा दिली, ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले आणि ‘इथल्या पोरांना कामच येत नाही’. गाडी वेळेवर न मिळाल्यामुळे तुमच्या दुकानाच्या उद्घाटनाला ती दारात उभी करता आली नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. हे उत्तर इथे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून आमचीच जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारायला लागलीत, आणि या शेडवर पाच घरं चालतात.

उशिराचं आधी सांगून टाकतो. पुढचं तोंड फायबरचं आहे. भर पावसाळ्यात हवेत ओल असली की रेझिन (फायबर घट्ट करणारं रसायन) नीट सेट होत नाही, घाईत वर रंग मारला तर नंतर फोड धरतात. म्हणून थांबलो. वरचे पैसे सीटखालच्या सडलेल्या पत्र्याचे. पत्रा उघडल्यावर फोटो पाठवले होते, ‘करून टाका’ हे उत्तर तुमच्याच नंबरवरून आलं होतं.

आता दाराचं.

तुम्ही इसेटाचा फोटो दाखवलात त्या दिवशी मला झालेला आनंद तुम्हीही पाहिलात. ती गाडी मला लहानपणापासून वेड लावते. 1953 मध्ये इटलीतल्या इसो कंपनीनं ती काढली, 1955 पासून बीएमडब्ल्यूनं बनवली आणि 1962 पर्यंत दीड लाखाच्या वर विकली. गाडीचं अख्खं तोंड म्हणजेच दार. ते उघडलं की स्टिअरिंगही दाराबरोबर बाहेर येतं, कारण त्याच्या दांड्यात खाली सांधा दिलेला असतो. एका सिलिंडरचं छोटं इंजिन मागे. आणि धडकेत दार अडकलं तर आतल्या माणसानं निघायचं कुठून, म्हणून वर उघडणारं कापडी छत. म्हणजे ती गाडी पहिल्या रेघेपासून त्या दाराभोवतीच आखलेली होती.

नॅनो तशी आखलेली नाही. तुम्हाला तसंच खरंखुरं उघडणारं दार हवं होतं. तुमचं म्हणणं होतं, नॅनोचंही इंजिन मागेच आहे, पुढे मोकळीच जागा आहे. ती मोकळी नाही सर. स्टेपनी तिथे, पेट्रोल भरायचं तोंड तिथे, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि स्टिअरिंगचा रॅक तिथे. डॅशबोर्डमागे दोन्ही खांबांना बांधून ठेवणारा आडवा पत्रा आहे. दारासाठी तोच कापावा लागतो, आणि तो कापला की मोनोकॉक बॉडीची, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या, पत्र्यावरच उभ्या असलेल्या बॉडीची, पकडच सुटते. 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं ताशी 64 किलोमीटरनं समोरून धडक देऊन पाहिली, तेव्हा अख्ख्या, न कापलेल्या नॅनोला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. तिचं नाक मी कापू?

तुम्ही नंतर लान्सिया स्ट्रॅटोस झीरोचा फोटो पाठवून लिहिलंत, ‘यात तर काच उचलून आत बसतात, मग तुम्हाला काय अडचण?’ ती बेर्तोने या इटलीतल्या गाड्यांचं डिझाइन करणाऱ्या कंपनीनं 1970 च्या तुरिनच्या प्रदर्शनासाठी केलेली गाडी, उंची जेमतेम 84 सेंटिमीटर. डोळे दिपावेत म्हणूनच ती बनवली होती. आपल्याकडे 2011 मध्ये याच नॅनोला 80 किलो सोनं आणि 15 किलो चांदी मढवली होती, तीही लोकांनी बघावी म्हणून. तुमची गाडी रोज केक घेऊन सिंहगड रोडवरून कात्रजला जाणार आहे. आमचं गॅरेज पुण्यात नऱ्ह्याला आहे. हायवेवरचा कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल या उतारावर ब्रेक न लागलेला ट्रक पुढच्या गाड्यांचं काय करतो, ते आम्ही जवळून बघतो. त्यातल्या काही गाड्या टोइंगवरून आमच्याच शेडसमोर येतात. पुढे एकच दार आणि तेच चेपलेलं, या अवस्थेत तुम्हाला किंवा तुमच्या डिलिव्हरीच्या मुलाला बघायची माझी तयारी नाही. ‘घाबरट गॅरेजवाला’ असं तुम्ही लिहिलंत. या एका बाबतीत खुशाल म्हणा.

कायद्याचंही तेव्हाच सांगितलं होतं. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे. मूळ रचना बदलली तर मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालक म्हणजे तुम्ही. पैसे घेऊन पत्रा कापून देणारे पुण्यात मिळतील, पोलिसांनी अडवल्यावर ते तुमच्या शेजारी उभे राहणार नाहीत.

म्हणून आम्ही मूळ बॉडीला हात न लावता वरून नटबोल्टनं बसणारं फायबरचं तोंड केलं. त्यावर दाराची फट, बिजागऱ्या, कडी काढली. बॉनेट उघडतं ठेवलं, नाहीतर पेट्रोल कुठून भरणार? गोल दिव्यांसाठी मी स्वतः जुन्या बाजारात फिरलोय. ‘पुढचं दार फक्त दिसायला, उघडणार बाजूचीच’ असं चित्राखाली लिहिलंय आणि त्याखाली तुमची सही आहे. त्यामुळे ‘फसवलं’ हा शब्द लागला सर. गाडी न्यायला आलात तेव्हा तुम्ही स्वतः तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतलेत, पोरांना चहा पाजलात. ज्याच्याबद्दल ‘काम येत नाही’ लिहिलंत, त्याच मुलानं त्या तोंडाची गोलाई हातानं घासून काढली आहे. रिव्ह्यू त्यानंही वाचला. मला काय म्हणायचं ते म्हणा, त्याच्याबद्दलची ओळ तेवढी काढलीत तर बरं वाटेल.

यापुढे पावसाळ्यातल्या फायबरच्या कामाला तारीख देताना जास्त काळजी घेऊ, आणि काय होणार, काय नाही, ते गिऱ्हाइकाला अजून स्पष्ट समजावून सांगू. आणखीही काही सुधारणा मनात आहेत.

डाव्या दिव्यात पाणी शिरतं असं तुम्ही लिहिलंय, ते रबर बदलून देतो, पैसे नकोत. सोमवार सोडून कधीही या. येताना आरसी आणा, रंग बदलल्याची नोंद आरटीओत अजून झालेली नाही, त्याचा अर्ज भरायला मदत करतो.

आपला,
गॅरेजचा मालक