कानस लाल करून पाण्यात बुडवली म्हणजे छिन्नी होत नाही

मेहुण्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "दाजी, खरं का हे?" उत्तर द्यायच्या आत दुसरा मेसेज: "जुनी कानस काढून ठेवलीय." म्हणून हे घाईने लिहितोय.

फॉरवर्डचा सारांश असा. कुठलंही लोखंड लाल करा, बर्फाच्या पाण्यात नाहीतर गोमूत्रात बुडवा, पोलाद तयार. पाणी जितकं गार तितकी धार टिकाऊ. जुन्या कानशीची छिन्नी अशीच करा. एकदा पाणी दिलं, म्हणजे असं बुडवून कडक केलं, की पुन्हा तापवू नका, "पाणी उतरतं", म्हणजे कडकी जाते. पुरावा? सळईच्या कारखान्यातही लाल सळईवर पाणीच मारतात!

"पुन्हा तापवू नका" हे आधी घेतो, कारण त्यात डोळा जाऊ शकतो. कानशीत कार्बन एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडा जास्तच असतो. ८०० अंशांच्या आसपास तापवून ती झटकन गार केली की आतली रचना बदलून मार्टेन्साइट तयार होतं. कडक, पण काचेसारखं ठिसूळ. त्यावर हातोडा बसला की टवका उडतो, आणि छिन्नी धरणाऱ्याचं तोंड तिथून हातभरच लांब असतं. त्यात कानशीचे दात घासून काढले नसतील तर प्रत्येक दात तड्याला आयती जागा.

म्हणून पाणी दिल्यावर बेताने पुन्हा तापवायचं, म्हणजे टेम्परिंग करायचं. त्यात थोडी कडकी जाते हे खरं, पण तेवढी घालवायचीच असते. जाणता लोहार फक्त धारेकडचं टोक पाण्यात धरतो, बाहेर काढून घासून चकचकीत करतो आणि मागची धग टोकाकडे सरकू देतो. पोलादावर रंग चढत जातात: गवती पिवळा, तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. छिन्नी जांभळ्याच्या पुढे निळ्याकडे झुकली की परत पाण्यात. हातोडा बसतो ते डोकं तो कडक करतच नाही. पूर्वजांचं रहस्य म्हणायचं तर हे, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकं हेच गाळलंय.

आता सळई. बांधकामाची टीएमटी सळई कारखान्यात शेवटच्या रोलमधून लालबुंद बाहेर येते, पाण्याच्या फवाऱ्यातून क्षणभर जाते. बाहेरचा थर मार्टेन्साइट होतो, गाभा मात्र तापलेलाच राहतो. मग कूलिंग बेडवर, म्हणजे सळया गार व्हायला ठेवतात तिथे, त्या गाभ्याची उष्णता बाहेर येऊन वरच्या थराला टेम्पर करते. म्हणजे यांचा साक्षीदार यांच्याच विरुद्ध बोलतोय!

"कुठलंही लोखंड" हा दावाही सळईच मोडते. आयएस १७८६ या भारतीय मानकात एफई ५०० या प्रतीच्या सळईला कार्बनची कमाल मर्यादा ०.३० टक्के आहे. कार्बन कमी, तर पाण्याने येणारी कडकीही कमी. कितीही बुडवा. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यात तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून तर कोयत्याला लोहार पाटा मागतो.

बर्फाचं थोडक्यात. गरम पाण्यापेक्षा गार पाणी बरं, मान्य. पण लाल तुकड्याभोवती वाफेचं आवरण धरतं आणि गार होणं मंदावतं, ते मोडायला तुकडा पाण्यात हलवावा लागतो. बर्फाने फार काही साधत नाही, तड्याची भीती तेवढी वाढते. ईएन ३१ सारखं बेअरिंगचं पोलाद साध्या पाण्यातही तडकू शकतं, त्याला तेल वापरतात.

राहिलं गोमूत्र. इथे थोडं तथ्य आहे, नाइलाजाने सांगतो. क्षार असलेलं पाणी ते वाफेचं आवरण लवकर मोडतं आणि साध्या पाण्यापेक्षा जलद गार करतं. पण त्यात गाईचा काही संबंध नाही. बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या युरोपीय मठवासी कारागिराने यासाठी लाल केसांच्या लहान मुलाचं मूत्र सुचवलं होतं! दहा टक्के मिठाचं पाणी तेच काम करतं, आणि तडाही तितक्याच सहज पाडतं.