सुतारवाडीच्या प्रयोगशाळेला लावलेली चुकीची फूटपट्टी

‘डीआरडीओवाले (संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेतले शास्त्रज्ञ) गुप्ततेच्या आड लपतात. शोधनिबंध लिहीत नाहीत, लिहिलेच तर जगात कुणी विचारत नाही.’ हा दावा फार फिरतोय आणि त्यात पुण्याजवळ सुतारवाडीत स्फोटकं व प्रणोदकांवर (रॉकेटच्या इंधनांवर) काम करणाऱ्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचं नावही ओढलं जातंय. मला ते खटकतं.

‘लिहीत नाहीत’ हे तर सरळ खोटं. आज डीआरडीओ काढत असलेलं ‘डिफेन्स सायन्स जर्नल’ १९४९पासून निघतंय, डीआरडीओच्या जन्माआधी नऊ वर्षं. आज ते कुणालाही फुकट वाचता येतं.

‘कुणी विचारत नाही’ म्हणणाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ हॅझार्डस मटेरियल्स’चा २००८चा अंक उघडावा. आधुनिक स्फोटकांचा आढावा घेणारा एचईएमआरएलचा लेख त्यात आहे, सहलेखक जळगावच्या विद्यापीठातले. या विषयावर लिहिणाऱ्या जगभरच्या संशोधकांनी तो शेकडो वेळा उद्धृत केलाय, म्हणजे आपल्या निबंधांत त्याचा संदर्भ दिलाय. आढावालेखांना उद्धरणं जास्त मिळतात, हे मान्य. पण मग ‘कुणीच नाही’ कसं?

‘यांचा इम्पॅक्ट फॅक्टर कमी’ असंही म्हणतात. पण लेखांना सरासरी किती उद्धरणं मिळतात हे सांगणारा हा आकडा नियतकालिकाचा असतो, प्रयोगशाळेचा नव्हे. शिवाय स्फोटकांवर काम करणारे जगात मोजकेच. कर्करोगावरच्या निबंधांशी त्यांची तुलना कशाला?

राहिली गुप्तता. सीएल-२० हे अतिशक्तिशाली स्फोटक अमेरिकी नौदलाच्या चायना लेक केंद्रात १९८७ साली तयार झालं. ते रासायनिक रीतीनं कसं बनवलं याचा सविस्तर निबंध आला १९९८ साली. मधली अकरा वर्षं त्या निबंधाच्या नावावर एकही उद्धरण नव्हतं. म्हणून काय शोध लागलाच नव्हता? स्फोटकात रेणू सापडणं ही सुरुवात असते. स्फटिकाचा आकार, त्यातले दोष, अशुद्धी यांवर धक्क्यानं ते उडेल की नाही हे ठरतं. एचईएमआरएलनं सीएल-२० बनवण्याची पद्धत इथं बसवली, तेव्हा खरा घाम याच गोष्टींवर गाळावा लागला असणार, आणि त्यातलं बरंचसं कुणीही छापत नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी टीकाकारांच्या बाजूनं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४नं डीआरडीओला जवळजवळ पूर्ण सूट दिलीय, त्यामुळे अंतर्गत अहवाल बाहेरच्याला तपासता येत नाहीत. वीस-पंचवीस वर्षं जुने, आता निरुपद्रवी झालेले अहवाल खुले करायला काय हरकत आहे?