'एकय हार नाय' याचं एवढं काय कौतुक?

बॉक्सर मार्सियानो 49-0 (49 जिंकल्या, हार शून्य), मेवेदर 50-0, म्हणून मेवेदर एकाने मोठा. हा हिशोब ऐकून माझं डोकं उठतं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असली की आमच्या मालवणात वादाला माणसं कमी पडत नाहीत. राजकारणाचा कंटाळा आला की गाडी बॉक्सिंगवर येते (हसू नका, खरंच येते). काल काका दातात दोरा धरून फाटकं जाळं सांधत होते. तो दोरा न सोडताच मेवेदरबद्दल म्हणाले, "एकय मॅच हरलो नाय तो. आणखी काय होया तुका?"

काका, समोर कोण होता आणि कुठल्या वयाचा होता, ते होया.

मेवेदरची पन्नासावी लढत ऑगस्ट 2017 ची. समोर मॅकग्रेगर, मिश्र मार्शल आर्ट्सवाला (MMA), ज्याची व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती पहिलीच लढत! गावच्या स्पर्धेत बाय मिळालेल्या (न खेळताच पुढे गेलेल्या) संघाने कप मिरवावा, तसलाच हा प्रकार. मेवेदर मोठा आहेच, पण तो कोट्टो, कॅनेलो, पॅकियाओ अशा जगज्जेत्यांना हरवलं म्हणून.

मार्सियानोचंही तेच. 1951 साली त्याने माजी जगज्जेत्या जो लुईला पाडलं तेव्हा लुई 37 वर्षांचा, उतरणीला लागलेला. ज्याच्याकडून किताब घेतला तो वॉलकॉट 38 चा. पण त्या वॉलकॉटने 1952 मध्ये पहिल्याच राउंडला मार्सियानोला खाली बसवलं होतं. बारा राउंड झाले तरी तिन्ही पंचांच्या गुणांच्या कार्डवर वॉलकॉटच पुढे. तेराव्यात मार्सियानोचा एकच उजवा ठोसा बसला आणि वॉलकॉट दोरावर हात अडकून तसाच खाली घसरला. मार्सियानो मला आवडतो तो या ठोशासाठी, त्या शून्यासाठी नाही. शिवाय गडी जेमतेम 84-85 किलोंचा, आज हेवीवेटमध्ये (सगळ्यात जड वजनगटात) धरलाही नसता.

आता शुगर रे रॉबिन्सन बघा. 40 लढतींत हार नाही, मग फेब्रुवारी 1943 मध्ये आपल्याहून सात किलोंनी जड लामोटाकडून हरला. तीन आठवड्यांत त्याच लामोटाला परत गाठून हरवलं. पुढे आठ वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. जुलै 1951 मध्ये लंडनला टर्पिनने हरवलं, तर सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्याचाही हिशोब चुकता. त्याच्या खात्यावर पुढे बऱ्याच हारी जमल्या, कारण चाळिशी उलटली तरी खेळतच राहिला. त्या उतारवयातल्या हारी मोजून त्याला खाली ढकलणाऱ्यांशी मी बोलत नाही.

अलीचंही तसंच. ऐन भरातली साडेतीन वर्षं बॉक्सिंगचं लायसन्स काढून घेतल्यामुळे गेली. फ्रेझर, नॉर्टन, स्पिंक्स तिघांकडून हरला आणि तिघांनाही परत हरवलं.

अली-मार्सियानो कॉम्प्युटरवर लढवूनही झालंय, 1970 साली. अमेरिकेत दाखवलं तेव्हा मार्सियानो जिंकला, युरोपात अली. कॉम्प्युटरलाही गिऱ्हाईक बघून निकाल द्यावा लागला!

तर माझी यादी: सगळ्या वजनांत मिळून रॉबिन्सन पहिला. हेवीवेटमध्ये अली, मग 25 वेळा किताब राखणारा लुई. मार्सियानो पाचवा. टायसन पहिल्या दहात नाही, टोकियोत डग्लसने 1990 मध्ये झोपवल्यावर त्याने परतफेड कधी केली ते दाखवा.

गाळी घालूच्या असतील तर मालवणीत घाला.