पहिलीच कंप्लेंट

इंदूरला सांवेर रोडवर माझा स्टेनलेस स्टीलचा छोटा कारखाना आहे. पिथमपूरच्या औषध कंपन्यांना ट्रे, ट्रॉल्या, टाक्या करून देतो. पंचवीस वर्षांत ट्रॉल्या किती विकल्या याचा हिशेब बायकोकडे आहे, कारण कारखान्याची खाती तीच बघते. पण "सर, ये आपकी पहली कंप्लेंट है" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं, याचा हिशेब कुणाकडेच नाही. ट्रॉली डुगडुगते? तुमची फरशी बघा. वेल्डिंगपाशी डाग पडतात? धुण्याचं लिक्विड बदललंत का? आणि मी खोटं बोलत नसतो हो. बोलताना मला ते खरंच वाटतं.

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचून उगाच कुणाला माझी दया यायला नको.

जून २०२५ मध्ये आम्ही एक भारी गाडी घेतली. भारी म्हणजे ६२ लाखांची, तीही शोरूमच्या आतली किंमत. बाहेर रस्त्यावर येईपर्यंत तिला आणखी काय काय लागतं ते मला अजून नीट कळलेलं नाही. २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस त्या किमतीच्या पोटातच; बाहेर, दहा लाखांच्या पुढची गाडी म्हणून १ टक्का टीसीएस, म्हणजे आयकराची आगाऊ वसुली. (२२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, सेस गेला आणि जीएसटी सरसकट ४० टक्के झाला. त्या दिवशी मी उपास नसताना जेवलो नाही.) आपल्या यशवंतराव होळकर महाराजांना गाड्यांचं भारी वेड. १९३५ सालची त्यांची ड्यूसेनबर्ग, सांगाडा अमेरिकेचा आणि बॉडी लंडनची, आजही जगभरचे शौकीन जिभेवर घोळवतात. त्याच महाराजांच्या माणिकबाग राजवाड्यात आता जीएसटीचं ऑफिस आहे. इंदुरात गाडीचा शौक शेवटी कुठे जाऊन पोचतो, ते असं उघड लिहून ठेवलंय.

सीए म्हणाला, गाडी फर्मच्या नावावर घ्या, घसारा मिळेल. बायको म्हणाली, "अजिबात नाही. स्वतःच्या नावावर घ्या." का, ते तिनं सांगितलं नाही. तिला ते तेव्हाच दिसलं असावं.

डिलिव्हरीला लाल साटिनच्या कापडाखाली गाडी, तीन फुटी पुठ्ठ्याची किल्ली आणि केक. केकवर आमचं आडनाव एका अक्षरानं चुकलेलं होतं. तिथून थेट खजराना. गणपतीपुढे नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. तीन फुटली. चौथं, मागच्या डाव्या चाकाखालचं, टणकन उडून गटारापाशी गेलं. आई गाडीतूनच म्हणाली, "अरे, परत ठेव." मागे रांगेत अकरा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी नाही ठेवलं. पुढच्या सगळ्या प्रकरणात आईचं निदान तेवढं एकच राहिलं, आणि ते तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

गाडीला एक सोय आहे. हातात सामान असेल तर बंपरखाली पाय हलवायचा, डिक्की आपोआप उघडते. शोरूममध्ये सेल्सच्या पोरानं मला ती पाचदा करून दाखवली. फुगडी शिकवावी तसा तो पाय झटकत होता. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी आल्यावर गाडीला पायाची गरज उरली नाही. पहिला दणकून पाऊस झाला त्या रात्री दोन वाजता अंगणात टूंऽऽ असा आवाज. आई जागी झाली. "कोण आलंय रे?" खिडकीतून बघितलं तर पावसात गाडी उभी, डिक्की आभाळाकडे उघडलेली, आतला दिवा लागलेला. खाली जाऊन बंद केली. सव्वातीनला परत. पावणेपाचला परत. सहा वाजता मी दमून झोपलो तेव्हा ती उघडीच होती. सातला कचरागाडी आली. तो पोरगा उघड्या डिक्कीत डोकावला, दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, आणि बेल वाजवून मला विचारलं, "अंकल, गीला है कि सूखा?"

डीलरकडे गेलो तो मनात भाषण पाठ करून. बाहेर ऊन, आत एसी आणि मंद कसलंतरी वाद्य. एका मुलीनं कॅपुचिनो आणून दिली, फेसावर बदामाचा आकार काढलेला. आता फेसावर बदाम काढलेली कॉफी पिता पिता माणूस ओरडणार कसा? मिशीला फेस लागलेला. भाषणाचा पहिला परिच्छेद तिथंच विरघळला.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तरुण, इस्त्रीचा, नम्र. सगळं ऐकून घेतलं, टॅबवर काहीतरी टिपलं आणि म्हणाला, "सर, सच बताऊँ? ये आपकी पहली कंप्लेंट है. पूरे इंदौर में."

मला एकदम कारखान्यात बसल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी फोन. गाडी एकदम ओके. आमच्याकडे एकदाही उघडली नाही. (उघडेल कशी? शेडमध्ये उभी केलेली, छपराखाली, कोरडी.) किल्ली जवळपास असली आणि बंपरवर पाण्याची धार लागली तर सेन्सरला तो पाय वाटू शकतो, म्हणून किल्ली गाडीपासून दूर ठेवा. जॉब कार्डवर शेवटी लिहिलं होतं: कस्टमर एज्युकेटेड. मी इंदूरच्या एसजीएसआयटीएस कॉलेजचा मेकॅनिकल इंजिनियर. माझं शिक्षण त्या दिवशी पूर्ण झालं.

किल्ली स्वयंपाकघरात नेली. मग देवघरात. मग वरच्या मजल्यावर, गोदरेजच्या कपाटात, आईच्या पैठणीखाली. डिक्की उघडतच राहिली, आणि रात्रभर दिवा लागून चौथ्या दिवशी बॅटरी बसली. गाडी ट्रकवर चढवून नेली तेव्हा गल्लीतले झाडून सगळे बघायला. समोरचे काका म्हणाले, "हमारी आल्टो को तेरह साल हो गए भिया." बास, इतकंच. पुढचं वाक्य ते बोललेच नाहीत, आणि ते मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या खेपेला सॉफ्टवेअर अपडेट. तिसऱ्याला नवीन बॅटरी आणि परत अपडेट. कॉफीवर आता मोराचं पीस. दरवेळी मी तावातावानं जायचो आणि दरवेळी शेवटी मीच त्याला थँक्यू म्हणून यायचो. ही युक्ती मला ओळखता येत नव्हती असं नाही. गिऱ्हाइकाला आधी बसवावं, पाणी द्यावं, त्याच्या मुलांची चौकशी करावी. मीच हे करत आलोय. जादूगाराला दुसऱ्याची जादू कळते म्हणून त्याच्या खिशातलं कबूतर काही परत येत नाही.

तिसऱ्या खेपेनंतर मी पत्र लिहायला बसलो. तीन पानं झाली. त्यात 'घोर फसवणूक' होती, 'मानसिक छळ' दोनदा होता, आणि दुसऱ्या पानावर अहिल्याबाईंच्या न्यायाचा उल्लेख होता. बायकोनं चष्मा लावून वाचलं. "छान आहे," म्हणाली, "गणेशोत्सवात वाचा. तारखा कुठेयत?"

"कसल्या तारखा?"

"डिक्की उघडली त्याच्या."

तिनं कारखान्याची एक कोरी लाल वही काढली आणि रेघा आखल्या. तारीख. वेळ. पाऊस होता का. किल्ली कुठे होती. गाडी किती किलोमीटर चाललेली. शेजारच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यातून रात्रीचं चित्रण मागून आणलं. पेनड्राइव्ह आणि वर एक पाव रतलामी सेव, एवढा खर्च. तेरा दिवसांत नऊ नोंदी झाल्या, आणि नऊच्या नऊ पाऊस पडून गेल्यानंतरच्या. कोरड्या रात्री एकही नाही. पाऊस थांबून दोन तास झाले, बंपर वाळला, तरी उघडली अशाही दोन होत्या. म्हणजे बंपरवरच्या धारेचा संबंध नव्हता, पाणी कुठेतरी आत साचत होतं. हे मला, म्हणजे इंजिनियरला, चौथ्या नोंदीला कळायला हवं होतं. बायको बी.कॉम. आहे.

चौथ्या खेपेला ती बरोबर आली. कॉफी आली, तिनं बाजूला सरकवली. "चहा नाही का? मग राहू दे." पोरगा तिथंच थोडा ढिला पडला. तो टॅबवर लिहू लागला: बूट इश्यू, कस्टमर सेज. तिनं थांबवलं. "बेटा, मैं बोलती हूँ, तू लिख." आणि वहीतून वाचत सगळं लिहून घेतलं: बारिश के बाद, चाबी ऊपर की मंजिल पर, नौ बार, तारीख ये ये ये. त्यानं 'बूट इश्यू' पुसेपर्यंत सही केली नाही. गाडी सोडतानाच्या किलोमीटरचा फोटो काढला. "शेड में मत रखना, बाहर रखना, और पाइप से पानी मारना," असंही त्यातच लिहायला लावलं. जॉब कार्डात गिऱ्हाइकाचे शब्द गिऱ्हाइकाचेच असायला हवेत हे मला माहीत होतं, कारण माझ्याकडे ते कधीच नसतात.

त्याच रात्री तिनं मेल टाकला. अकरा ओळी. डीलरला आणि कंपनीला, दोघांनाही एकदम, म्हणजे दोघांना एकमेकांकडे बोट दाखवायला जागा नको. विशेषणं शून्य. चारी जॉब कार्डं जोडलेली. पंधरा दिवसांत दोष शोधून लेखी कारण कळवा, नाहीतर कायद्यानं जाऊ. आणि शेवटी एक ओळ मला न विचारता: 'ही पहिलीच कंप्लेंट आहे असं कृपया कळवू नये.'

कायद्यानं जायचं म्हणजे कुठे, हे तिच्या वकील चुलतभावानं फोनवर सांगितलं. आता सगळा हिशेब मोजलेल्या किमतीवर. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा ग्राहक आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणजे बारा लाखांनी साधी गाडी घेतली असती तर इंदुरातच भांडता आलं असतं. आता भोपाळ. इंदूरच्या माणसानं न्याय मागायला भोपाळला जायचं, याहून मोठा मानसिक छळ कुठल्या कलमात बसत असेल असं मला वाटत नाही. फी मात्र दोन हजार रुपये, अर्ज ऑनलाइन, मुदत दोन वर्षं. प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा 'प्रयत्न' करावा, असं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो. 'प्रयत्न' हा शब्द मीही माझ्या कोटेशनमध्ये डिलिव्हरीच्या तारखेपुढे घालतो, म्हणून त्याची ताकद मला ठाऊक आहे. भाऊ पुढे म्हणाला, "गाडी तुमच्या नावावर आहे ते बरं झालं. फर्मच्या नावावर असती तर तुम्ही ग्राहक आहात की व्यापारी, इथूनच भांडण सुरू झालं असतं." फोन स्पीकरवर होता. बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

भोपाळला जावं लागलं नाही. सहाव्या दिवशी कंपनीचा माणूस आला, पन्नाशीचा, बोटांना ग्रीसचे डाग मुरलेले. कॉफी त्यानंही बाजूला सरकवली. डिक्कीच्या दारात वायरिंग जिथून शिरतं तिथं रबराची नळी असते, पेटीच्या भात्यासारखी घड्यांची. तिची कड त्यानं नखानं चाचपली, डाव्या बाजूला नख आत गेलं. कड खाचेत बसलेलीच नव्हती. गाडी कंपनीच्या कारखान्यातून निघतानाच अर्धी बाहेर, दुमडलेली. त्यानं नळी ओढली तर चमचाभर पाणी सांडलं. आतला कनेक्टर उघडून माझ्यापुढे धरला: सात पिना पिवळ्या, एक हिरवी. तुळशीपुढच्या तांब्यावर चढतो तसला हिरवा थर.

"डावीकडेच का?" आईनं घरी विचारलं. मी हो म्हटलं. "लिंबू," ती म्हणाली.

नवीन वायरिंग, नवी रबरी नळी, सगळं वॉरंटीत, दोन दिवसांत. लेखी कारणही आलं: 'असेंब्ली ऑब्झर्वेशन'. दोष म्हणायला त्यांची जीभ उचलत नाही, पण कागदावर तारीख आणि सही आहे, वहीत चिकटवलाय. मग अ‍ॅडव्हायझरचा फोन. आवाज एकदम पडलेला. "सर, कंपनी से फीडबॅक का कॉल आएगा. दस में से दस दे देना प्लीज. नौ भी दोगे तो मेरा जीरो माना जाता है." एवढं मोठं हत्यार चार महिने आमच्या खिशात होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता. बायकोनं दहा दिले. त्या पोराला, डीलरला नाही. फोनवरच्या बाईला तिनं हा फरक दोनदा सांगितला.

दिवाळीनंतरच्या सोमवारी कारखान्यात आलो. पिथमपूरच्या जुन्या गिऱ्हाइकाचा मेल येऊन पडलेला. तेच ते, डुगडुगणारी ट्रॉली. दरवेळी त्यांचा परचेसवाला फोन करून ओरडतो आणि मी त्याला फरशी बघायला सांगतो. या वेळी ओरडणं नव्हतं. अकरा ओळी होत्या. तारखा. ट्रॉलीचे नंबर. स्पिरिट लेव्हल ठेवून काढलेले फरशीचे चार फोटो, चारीत बुडबुडा बरोबर मध्ये. पंधरा दिवसांत लेखी कारण. आणि शेवटची ओळ: 'ही पहिलीच कंप्लेंट आहे असं कृपया कळवू नये.'

पिथमपूरचा तो परचेसवाला मिश्राजी. त्याला मराठीचं अक्षर येत नाही.

मी मान वर करून बघितलं. समोरच्या टेबलावर बायको चष्मा पुसत होती.