फायरप्लेस आणि कमानींच्या कामाबद्दलच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. आपल्या तक्रारी अशा: निवडलेला पांढरा क्वार्ट्‌झ आम्ही फायरप्लेसला लावला नाही, लोखंडी चौकटीभोवतीची काळी रेघ ग्राउटने (सांधे भरायच्या सिमेंटच्या मसाल्याने) न भरता काम अर्धवट सोडलं, कमानींवर संध्याकाळी लाटा दिसतात, रंग ओल्या फडक्याने पुसता येत नाही आणि कामाला उशीर झाला.

क्वार्ट्‌झची स्लॅब म्हणजे दगडाचा चुरा आणि त्याला बांधून ठेवणारं रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ). स्वयंपाकाच्या ओट्याला ती उत्तम, पण आगीच्या तोंडाशी रोजची धग लागली की रेझिन पिवळं पडतं आणि स्लॅब सांध्याशी तडकते. बहुतेक उत्पादक तिथली वॉरंटीच देत नाहीत. म्हणून ग्रॅनाइट सुचवला. पांढराच रंग हवा असेल, तर पोर्सिलेनची स्लॅब लावता येईल. ती भट्टीत भाजलेली असते, उष्णतेने बदलत नाही. पांढरा संगमरवर मात्र नकोच. काजळी त्याच्या छिद्रांत शिरते आणि ती काढायला आम्लाचा क्लीनर वापरला की पॉलिश उडतं.

आता ती काळी रेघ. ती 3 मिमीची फट मुद्दाम ठेवली आहे. एक मीटर लांबीचं लोखंड 200 अंशांनी तापलं, की सुमारे 2.4 मिमी वाढतं. शेजारचा दगड तेवढा तापत नाही आणि तेवढा वाढतही नाही. तिथे कडक ग्राउट भरला, तर तो भुगा होऊन पडतो, नाहीतर दगडाचा कोपरा उडवतो. म्हणून फटीत उष्णतारोधक सीलंट भरलं आहे. बाथरूमचं साधं सिलिकॉन तिथे टिकत नाही. रेघ डोळ्यांना खुपत असेल, तर वरून धातूची अरुंद पट्टी बसवू, पण ती फक्त दगडाच्या बाजूला पक्की करायची. दोन्हीकडे जखडली, की फट ठेवून उपयोग काय? कृपया गवंड्याकडून ही रेघ सिमेंटने भरून घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

कमानींच्या लाटा दिसतात हे खरं आहे. कमानीलगतच्या भिंतीवरच्या दिव्याचा प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पडतो, आणि अशा तिरप्या उजेडात मिलिमीटरभर उंचसखलपणाचीही सावली पडते. दिवसा तीच कमान सपाट वाटते. मॅट रंग याचसाठी सुचवला होता. चकचकीत रंगात लाटा आणखी उठून दिसल्या असत्या. पुसता येईल असा रंग हवा असेल, तर धुता येणारा मॅट इमल्शन मिळतो. पण आधी दुरुस्ती: तोच दिवा चालू ठेवून पुट्टीचा पातळ हात, तोही सरळ थापीने न देता लवचिक पात्याने, कमानीच्या गोलाईबरोबर फिरवत. वाळल्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर फोमच्या तुकड्याला गुंडाळून घासायचा (लाकडी ठोकळ्याने गोलाईवर चपटे पट्टे पडतात). मग प्राइमर, आणि रंग सगळ्यात शेवटी. अर्ध्याच भागाला रंग लावला तर जोड दिसतो, म्हणून आतली बाजू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका दमात रंगवावी लागते.

उशिराचं मुख्य कारण गिलावा. सिमेंटचा नवा गिलावा साधारण चार आठवडे सुकू द्यावा लागतो, दमट हवेत त्याहून जास्त. आतला ओलावा राहिला की रंगाला फुगे येतात आणि पांढरा क्षार बाहेर पडतो. पॉलिथिनचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवला आणि आतून दव दिसलं, तर भिंत अजून ओली आहे. कमानींवर तसं दव दिसत होतं, म्हणून रंग थांबवला.

लाटा जिथे दिसतात तिथे, संध्याकाळी दिवा चालू असताना, पेन्सिलीने हलक्या खुणा करून ठेवा आणि फोटो बाजूने काढून पाठवा. समोरून काढलेल्या फोटोत त्या दिसत नाहीत. दुरुस्तीचे पैसे आकारणार नाही. फक्त कारागीर संध्याकाळी येतील अशी वेळ द्या.